कापू का, हिलालभाऊ?

६ मे

नाही हो हिलालभाऊ, पदर नाही अडकला.

तुम्ही मेसेजमध्ये सगळ्यात आधी तेच विचारलं, म्हणून मी पण सगळ्यात आधी तेच लिहिते. गिटारीच्या मुंडक्यावर त्या खुंट्या असतात ना, त्यात पदर अडकेल, वहिनी स्टेजवर फजित होतील, अशी तुम्हाला कार्यक्रमाच्या आधीपासून धास्ती. मी पदर कमरेला खोचला होता अन् खांद्यावर पिना मारल्या होत्या. बेंजो मला तुमच्या भावाने शिकवला, पिना मारायचं मी माहेरून शिकून आली.

पत्र का लिहू राहिली म्हणाल. फोनवर तुम्ही "हां वहिनी, हां वहिनी" करतात अन् ठेवून देतात. कागदाला हां वहिनी करता येत नाही, तो वाचावा लागतो. सुपडू कंडक्टरच्या हाती देते. त्याची गाडी जळगावला जातेच, तो तुमच्या साउंडच्या दुकानात टाकून देईल. तुम्ही आपले बोलून मेसेज पाठवत जा, तुमचं अक्षर मला लग्नापासून वाचता येत नाही.

आखाजीच्या सणाचा कार्यक्रम तर गाजला. नरडाण्यात अजून लोक रस्त्यात थांबवतात. माहेरी आलेल्या सगळ्या पोरी झोके सोडून पुढे येऊन बसल्या होत्या. दूधवाला म्हणतो, "मावशी, काय हात चालतो तुमचा!" मी म्हटलं, हात माझा चालतो रे बाबा, आवाजाचं आमच्या हिलालभाऊला विचार.

शेजारच्या पुष्पाबाईला तर गिटारीचा रंगच सहन होत नाही. "पार्वता, विधवा बाईनं लाल कसाले घेवानी? काळी नव्हती का?" मी म्हटलं, होती ना, दीर काळीच घ्या म्हणत होते. पण काळी घेतली असती तर तू म्हटली असती, दोन विधवा एका स्टेजवर.

आता कामाचं. गिटार चांगली आहे, पण ती नव्या सुनेसारखी आहे. घरात रुळायला तिचं थोडं इकडचं तिकडं करावं लागेल. पट्टा खांद्यात रुततो. सगळ्यात बारीक तार बोट कापते अन् वर सारखी तुटते. बेंजोवाल्याला एवढ्या तारांची सवय कुठे? मी ती काढूनच टाकायच्या विचारात आहे. अन् एक तिची घुंई. घरात ट्यूबलाइटखाली गेली की पोटात भुंगा घेऊन बसल्यासारखी घुंई करते. आखाजीला तर तुमचे केवढे फोकस होते डोक्यावर, तिथे एवढी शहाण्यासारखी गप्प कशी बसली, देव जाणे.

तुम्ही मिक्सरवर होते. कानाला तो मोठा हेडफोन. माझा आवाज तुमच्याइतका जवळून कोणी ऐकला नसेल. तर खरं सांगा, कसा होता? काय बदलू? मला बरं वाटावं म्हणून गोड नका बोलू. गोड बोलायला तुमचे भाऊ होते, अन् त्यांचंही मी अर्धंच धरायची.

तुमची वहिनी,
पार्वता


२३ मे

पातळ होता म्हणतात?

तुमचा मेसेज मी चुलीजवळ बसून ऐकला, मग ओट्यावर जाऊन ऐकला, मग सविता मॅडमला पण ऐकवला. "वहिनी, आवाज एकदम झकास. फक्त जरासा पातळ येत होता. पिकअप बदलून टाका, हंबकर बसवा. आवाज भरीव येईल अन् घुंई पण जाईल." पातळ म्हणायच्या आधी तुम्ही जरा थांबले. तुमचे भाऊ असेच थांबायचे, "मी बाहेर जेवून आलो" सांगताना.

सविता मॅडम म्हणजे झेडपीच्या शाळेतल्या, भीमजयंतीला त्यांच्या गाण्याच्या पार्टीत गिटार वाजवतात त्या. मला सा-रे-ग-म पलीकडचं जे येतं ते त्यांनी शिकवलेलं. त्यांनी गिटारीची पांढरी पाटी उघडून मला तिचं पोट दाखवलं. तारांखाली जी पट्टी असते, आवाज धरणारी, तो पिकअप. हिच्यात ती पट्टी एकेरी आहे, म्हणून घुंई करते. हंबकर म्हणजे दुहेरी, जाड. तो हिच्या खाचेत मावत नाही. खाच रुंद करायची तर लाकूड कापावं लागतं.

मॅडमचं म्हणणं, "काकू, आधी आतून चांदीचा कागद लावू, त्याला अर्थिंगची वायर जोडू. घुंई पूर्ण नाही जाणार, कमी होईल. कापायची घाई नका करू. कापलेलं लाकूड परत येत नाही."

मी तरी वना सुताराकडे घेऊन गेली. त्याने ती मांडीवर घेतली, उलटी केली, टिचकी मारून पाहिली, जशी काही बकरीच विकत घेतो. म्हणतो, "पार्वताभाभी, यामा काय कापानं? नवं लाकूड शे. कोणी सांगं तुले?"

मी म्हटलं, माझ्या दिराने. मिक्सरवर बसतात. त्यांनी आवाज ऐकलाय.

वना म्हणे, "मंग त्यानाच मानाले पाहिजे."

तर तुमचंच मानते. पण एकदा विचारून घेते, कारण ही नवी आहे अन् परत अशी घेणं माझ्याच्याने होणार नाही. कापू का, हिलालभाऊ? तुम्ही आवाज ऐकला, मी तुमच्या शब्दावर छिन्नी लावेल. तुम्ही "थांबा वहिनी" म्हटले तर थांबेल. अन् का थांबू, ते पण नाही विचारणार. शपथ घेते. लग्न करून आली तेव्हा तुम्ही हाफ चड्डीत होते, माझ्या पदराने नाक पुसायचे. तेव्हापासून तुम्हाला मी कधी 'का' विचारलं?

फक्त "थांबा" एवढं म्हणायचं आहे.

पार्वता


१४ जून

बिनधास्त?

बरं. "कापा वहिनी, बिनधास्त. एक नंबर होईल." मेसेजमध्ये मागे तुमचं पोरगं हसत होतं अन् कुकरची शिट्टी झाली. पोहे खाताना पाठवला वाटतं.

मी दुसऱ्याच दिवशी वनाकडे गेली. त्याने पेन्सिलीने रेघ मारली. छिन्नी रेघेवर टेकवली. हातोडी उचलली. अन् माझ्या तोंडातून निघून गेलं, थांब.

"आते काय झायं?"

मी म्हटलं, मोबाईल वाजला.

तो खरंच वाजला होता. दिपमाला. आपल्या गल्लीतली, बोदवडला दिली ती. आखाजीला माहेरी आली होती, सगळ्यात पुढे बसून तिने माझा व्हिडिओ काढला होता. एवढ्या दिवसांनी पाठवला, खाली लिहिलं, "काकू, तुनी गिटार आपेआप वाजस का वं?"

तुम्ही पाहा तो व्हिडिओ, मी सुपडूला पण पाठवून ठेवलाय, तो दाखवेल. मी मस्त डुलते आहे. फोकसवरचा एक किडा येऊन माझ्या नाकावर बसतो. मी उजव्या हाताने त्याला झटकते. तो डाव्या गालावर जातो, मी डाव्या हाताने झटकते. माझे दोन्ही हात तोंडावर, हिलालभाऊ, अन् गिटार वाजतेच आहे. नुसती वाजत नाही, काय सुंदर वाजते! तो किडा पण दचकला असेल.

वनाने तीनदा पाहिलं. मग त्याने छिन्नी पेटीत ठेवली अन् रेघ खोडरबराने पुसून दिली.

कोण वाजवत होतं हो? जळगावचं कोणी पोरगं असेल, तुमच्या त्या रेकॉर्डिंगवाल्याकडचं. हात चांगला आहे त्याचा. पण कार्यक्रमाच्या आधीच त्याच्याकडून सगळी गाणी भरून आणली म्हणजे मी वाजवायच्या आधीच तुम्ही ठरवून टाकलं होतं की वहिनीला वाजवता येणार नाही. माझी तालीम ऐकून गेले, "वा वहिनी, वा" करून गेले, चहा पिऊन गेले. अन् स्टेजवर माझी वायर मिक्सरला लावली ती नुसती दाखवायला. गायीला जशी पेंढ्याची बाहुली दाखवतात, वासरू मेल्यावर, दूध द्यावं म्हणून.

बरं, हे पण मी गिळलं असतं. दिराने लाज राखायला केलं, म्हटलं असतं. पण मी तुम्हाला विचारलं होतं. आवाज कसा होता विचारलं, तुम्ही पातळ म्हटले. जो आवाज निघालाच नाही तो पातळ! कापू का विचारलं, तुम्ही कापा म्हटले. तुमचं खोटं झाकायला माझ्या गिटारीचं पोट फाडायला निघाले.

दिपमालाने अजून एक पाठवलं. बोदवडच्या चौकातला बोर्ड. "पितांबर ऑर्केस्ट्रा. खास आकर्षण, गिटारवाल्या पार्वताबाई." माझा फोटो, लाल गिटार, बाजूला फटाके फुटतात असं चित्र. मला विचारलं नाही. गिटारीला पण विचारलं नाही, पण तिचं ठीक आहे, ती तशी पण मुकी ठेवायची होती. वर नाव तुमच्या भावाचं.

बोदवडला मी येणार नाही. तो बोर्डच उभा करा स्टेजवर. त्याच्या नाकावर किडा बसला तर तो हात पण नाही हलवणार, तुमचं काम सोपं होईल.

पार्वता


२ जुलै

ऐकला. पूर्ण ऐकला, मध्ये बंद नाही केला.

तुम्ही रडत होते ते कळत होतं. रडायला लागले की तुम्ही अहिराणीवर येतात, लहानपणापासून तसंच. "वहिनी, तुमनासाठेच करं मी. भाऊना नावनी पार्टी शे. बठ्ठा हासतीन तुमले, मन्हाघाई ते पाहावलं नसतं."

हसले असते. मग?

विखरणचं लग्न आठवतं का? तुमच्या भावाच्या बेंजोची तार भर वरातीत तुटली. नवरदेव घोड्यावर, सगळे नाचायच्या रंगात, अन् आवाज गेला. तुमच्या भावाने काय केलं? माइक तोंडाजवळ घेतला अन् तोंडाने बेंजो वाजवला. टँव टँव टिडिंग टँव. बठ्ठं गाव हसलं. तुम्ही ढोलाच्या मागे बसून इतके हसले की तुमच्या हातातून टिपरू पडलं. ते पण हसले, मिशीत. त्या गावाने पुढे सगळी लग्नं आपल्यालाच दिली, अन् दर वेळी म्हणायचे, पितांबरआबा, एकदा तोंडाचा बेंजो होऊन जाऊ द्या.

ज्या पार्टीचं नाव तुम्ही राखायला निघाले, ती पार्टी अशी होती. तुम्ही तिच्यात होते. म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या कोण्या साउंडवाल्याने केलं असतं तर मी त्याला चार शिव्या देऊन जेवायला बसली असती. तुम्ही केलं, तर मला अन्न जाईना.

अन् बोदवडला काय सांगून कार्यक्रम रद्द केला तुम्ही? "पार्वताबाई आजारी आहेत." दिपमालाचा घाबरून फोन, काकू काय झालं, दवाखान्यात आहे का? मी त्या वेळी शेंगदाणे फोडत होती. हिलालभाऊ, तुम्हाला साधं "चुकलो" म्हणण्यापेक्षा वहिनीला खाटेवर झोपवणं सोपं जातं?

आता माझं ऐका. श्रावणात कानबाईमातेच्या मिरवणुकीत मी वाजवणार आहे. गावाने विचारलं, मी हो म्हटलं. सविता मॅडमच्या पार्टीचे भोंगे, त्यांचंच जनरेटर. तुमचा मिक्सर नको.

गिटारीला हंबकर नाही बसवला. मॅडमने चांदीचा कागद लावून दिला, वायर जोडून दिली. घुंई आहे, पण आता शेजाऱ्याच्या घरात भुंगा असल्यासारखी आहे. बारीक तार काढून टाकली, बाकीच्यांवर माझं भागतं. पट्टा तुमच्या भावाच्या बँडच्या कोटाचा शिवला, तो लाल कोट, सोनेरी झालरीचा. त्याची बाही कापली. कापायचंच होतं तर हे कापायचं होतं. खांद्याला छान लागतो.

तुम्ही येऊ नका असं मी नाही म्हणणार. कानबाईला येणाऱ्याला अडवायचं नसतं. पण वायरीला हात लावायचा नाही.

पार्वता


५ ऑगस्ट

हो, पाहिलं मी तुम्हाला. पाण्याच्या टाकीखाली उभे होते, तोंडाला रुमाल बांधून, जसं काही तुमची चाल मला ओळखू येत नाही.

तुम्ही विचारतात, कसं झालं. तुम्ही तर ऐकलंच, पण तुम्हाला विचारायची सवय मला आता राहिली नाही, म्हणून माझं मीच सांगते.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. बाया डोक्यावर चौरंग घेऊन पुढे, फुगड्या चालू, मागे टेम्पो, टेम्पोवर मी. जनरेटर सुरू झालं अन् त्याच्याबरोबर गिटारीची घुंई. म्हातारी जिजाबाई ओरडली, "काय वं पार्वता, यामा भुंगा शिरना का?" मी म्हटलं, शिरला आहे आजी, तुम्हाला चावणार नाही. पोरं मागून ओरडत होती, डीजे लावा, डीजे लावा. पहिल्या गाण्यात माझं बोट दोनदा चुकलं. ते चुकलेलं भोंग्यातून निघालं अन् पार नाल्यापर्यंत गेलं. सगळ्या गावाने ऐकलं. पुष्पाबाईने तर मान वळवून पाहिलं. मी तशीच वाजवत राहिली.

मारुतीच्या पारापाशी जनरेटर खोकलं, वायर ढिली झाली, आवाज गेला. तेव्हा तुम्ही टाकीखालून पुढे आले. पाच-सहा पावलं. हात वर केला, असा, वायर धरायला करतात तसा. मग आठवलं असेल मी काय लिहिलं होतं. तिथेच उभे राहिले, हात तसाच. तेवढ्यात मी काय केलं ते ऐकलं ना? तोंडाने वाजवलं. टँव टँव टिडिंग टँव. जिजाबाई फुगडी सोडून हसत खाली बसली. तुम्ही रुमालात तोंड घातलं. हसले का रडले ते रुमालामुळे दिसलं नाही.

मॅडमने वायर बसवली, आवाज आला, गाडी पुढे गेली. नदीवर कानबाई बोळवून परत आली तर तुम्ही बसने निघून गेले होते. सुपडूने सांगितलं.

कानबाईच्या प्रसादाचा रोट खाऊन नाही गेले. गहू काढताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ टाकतात, तुमच्या नावाची मूठ मी टाकली होती. टाकताना राग होता, पण टाकली. तुमचा रोट डब्यात आहे. बाहेरच्याला तो देता येत नाही, म्हणून सुपडूच्या हाती पाठवता पण येत नाही. पौर्णिमेच्या आत संपवावा लागतो. तुम्हालाच यावं लागेल, भाऊबंद तुम्हीच एक उरले.

याल तेव्हा मी तोंडावर नाही बोलू शकणार, म्हणून आज लिहून टाकते.

दिपमालाच्या व्हिडिओने मला नवीन काहीच कळलं नाही. मला स्टेजवरच कळलं होतं. दुसऱ्या गाण्यात माझं बोट घसरलं, भलत्या जागी पडलं, अन् भोंग्यातून सूर बरोबर आला. मला वाटलं, कानबाईच पावली. तिसऱ्या गाण्यात मी गिटारीवरचं आवाजाचं बटन हळूच फिरवून पूर्ण बंद केलं. गिटार वाजतच राहिली. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही मिक्सरमध्ये मान घालून बसलेले.

काय बदलू, कापू का, हे सगळं मी माहीत असून विचारलं. तुम्ही खोटं कुठपर्यंत नेतात ते पाहायचं होतं. कधी ना कधी थांबाल, अशी आशा पण होती.

अन् तेव्हा स्टेजवर मी पण नाही थांबली. उरलेली सगळी गाणी बंद गिटार घेऊन वाजवली. चुकायची भीतीच उरली नव्हती. वाकली, डुलली, पोरींना डोळे मारले, शेवटी हात जोडून सगळ्या टाळ्या घेतल्या. मला लय मजा आली, हिलालभाऊ. परवा खरं वाजवलं तेव्हा त्याच्या अर्धी पण नाही आली. तेच माझ्याच्याने तुम्हाला माफ होत नाही.

पार्वता